मिनिटाला अठ्ठावन्न शब्द

मराठी टायपिंगच्या परीक्षेत मी आमच्या केंद्रात पहिला आलो होतो. मिनिटाला अठ्ठावन्न शब्द. पास व्हायला तीस पुरतात. हे आधीच सांगून टाकलं, आता तुम्ही ते विसरून जा, कारण अशी परीक्षा कधी झालेलीच नाही. माझ्याकडे तसं पत्र आहे, गोल शिक्क्याचं. "सदर सत्र घेण्यात आलेले नाही."

तर, न झालेल्या त्या परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेदहाला मी आणि अलकाताई नवगिरे वनारसे टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जिन्यात उभे होतो. खाली पिठाची गिरणी चालू होती, त्यामुळे अख्खा जिना थरथरत होता. अलकाताईही थरथरत होत्या, पण त्याचा गिरणीशी काही संबंध नव्हता.

"ताई, पाणी प्या जरा."

"नको बाबा. मध्येच लागलं तर? सोडत नाहीत म्हणे."

"काल घरी किती वेग आला?"

"तेहतीस."

"मग झालं की!"

"घरी आला रे. घरी कोण बघतंय? चार माणसं शेजारी बसली की माझे हात त्यांच्याकडेच बघत बसतात."

अलकाताईंचे यजमान एका सरकारी कचेरीत शिपाई होते. ते गेले आणि अनुकंपेवर ताईंना तिथेच लिपिकाची नोकरी मिळाली. अट एकच, दोन वर्षांत टायपिंग पास व्हायचं. त्या दोनदा बसल्या होत्या. एकदा सव्वीस आले, एकदा अठ्ठावीस. मुदत महिनाअखेरीस संपत होती आणि आज चोवीस तारीख होती. निकाल नंतर लागला तरी चालणार होतं, पण ज्या परीक्षेत पास व्हायचं ती एकतीसच्या आत झालेली पाहिजे होती. पोरगी दहावीला होती. हे सगळं त्या कधी सांगायच्या नाहीत. फक्त सराव करताना एखादं अक्षर चुकलं की "गेली नोकरी" असं हळूच म्हणायच्या, आणि पुढचं अक्षर दाबायच्या.

"असं करा," मी म्हटलं, "माझा नंबर तुमच्या शेजारीच आहे. बाकीच्यांकडे बघूच नका. फक्त माझ्याकडे लक्ष ठेवा. मी चालू, तर तुम्ही चालू."

"तू म्हणजे इंजिन का?"

"तुम्ही डबा."

त्या हसल्या. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि कोणी हसलं की आपण काहीतरी मोठं काम केलं, असं मला वाटायचं.

आता वनारसे सरांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला खोटं वाटेल. इन्स्टिट्यूट सरांची. त्यांचं म्हणणं असं, की माणूस टायपिंगमध्ये बोटांमुळे नापास होत नाही, मानेमुळे होतो. मान वर केली की पाच शब्द गेले. म्हणून दर शनिवारी ते विघ्नाचा तास घ्यायचे. आम्ही उतारा टाइप करत असायचो आणि सर मध्येच विघ्न आणायचे. एका शनिवारी बँडवाला बोलावून त्याला आमच्या कानाशी तुतारी वाजवायला लावली. एका शनिवारी शेळी सोडली. तिने अलकाताईंचा उताऱ्याचा कागद खाल्ला आणि ताईंनी मान वर केली. मान वर करणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती. खुर्चीवर उभं राहायचं, "मी मान वर केली" असं म्हणायचं, आणि बाकीच्यांनी तालात टाळ्या वाजवायच्या. एक्केचाळीस वर्षांची बाई खुर्चीवर उभी राहिली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच.

पुढच्या शनिवारी सरांनी वर्गाच्या दारात स्टोव्ह पेटवून तव्यावर सुक्या मिरच्या टाकल्या. सगळे खोकत होते. फक्त तृप्ती लाळगे, पहिल्या रांगेतली, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना एक्केचाळीसच्या वेगाने टाइप करत राहिली. सरांनी तिला पेन भेट दिलं. तेव्हापासून वर्गात काहीही झालं, की आम्ही मान न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी तृप्तीकडे बघायचो. ती चालू असली की आम्हीही चालू.

परीक्षेच्या दिवशी मात्र वनारसे सरांना आत यायची परवानगी नव्हती. ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. आत बाहेरगावच्या एका शाळेतले बिडवे सर पर्यवेक्षक म्हणून आले होते. त्यांनी आमच्या चपला जिन्यात काढायला लावल्या, सगळ्यांना आत घेतलं, दाराला आतून वरची कडी घातली आणि एक कागद वाचून दाखवला.

"उतारा सात मिनिटांचा. पहिल्या साडेतीन मिनिटांत वीज गेली किंवा काही व्यत्यय आला, तर हाच उतारा आज दुपारच्या बॅचला पुन्हा देता येईल. साडेतीन मिनिटांनंतर व्यत्यय आला तर सत्र बाद. नवी तारीख पुण्याहून येईल. साधारण दोन महिन्यांनी."

"दोन महिने?" अलकाताईंनी विचारलं.

"नियम आहे, बाई."

"नाही, विचारलं आपलं."

खोली लहान होती. एसी लावायचा म्हणून खिडक्या थर्माकोल ठोकून बंद केलेल्या होत्या. एसी मात्र अजून यायचा होता. आम्ही पंचवीस जण. अलकाताईंच्या डाव्या हाताला मी, आणि उजव्या हाताला, दोन फुटांवर, प्लायवूडची एक केबिन. त्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या होत्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ आलं. ते उलटं चालतं. सात मिनिटांवरून सुरू झालं आणि पंचवीस कीबोर्ड एकदम वाजायला लागले. पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसा आवाज. उतारा मधमाशीपालनावर होता.

पहिलं मिनिट चांगलं गेलं. ताईंचा कीबोर्ड मला ऐकू येत होता. सावकाश, पण सलग. दुसऱ्या मिनिटात वाक्य आलं, "पोळे काढण्यापूर्वी त्यास धूर द्यावा. धुरामुळे माश्या शांत राहतात." मी 'धूर' टाइप केलं आणि मला धुराचा वास आला. खरं सांगतो, आधी मला कौतुकच वाटलं. म्हटलं, काय जिवंत उतारा लिहिलाय!

मग केबिनच्या दाराखालून तो दिसला. पांढरा, सपाट, फरशीवर सांडलेल्या दुधासारखा पुढे येत होता. घड्याळात पाच मिनिटं वीस सेकंद राहिली होती. मी आकडा सांगतोय कारण तो मला आजही पाठ आहे.

मी तृप्तीकडे बघितलं. तृप्ती चालू होती.

मी बिडवे सरांकडे बघितलं. सर धुराकडेच बघत होते. मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. पंचवीस पोरं शांतपणे टाइप करताहेत म्हटल्यावर या केंद्रात असं होतच असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सर बसलेत, म्हणजे काही नाही, असं आमच्या चेहऱ्यांवर त्यांना दिसलं असणार. असा तो मामला दोन्ही बाजूंनी पक्का झाला.

शिवाय वनारसे सर होतेच. मिरच्या आणणारा माणूस परीक्षेच्या दिवशी काय आणणार नाही?

धूर ताईंच्या खुर्चीखाली पोचला. मला वाटलं, उठावं. नुसतं उभं राहायचं आणि "सर, धूर" म्हणायचं. दोन शब्द. पण खोलीत चोवीस कीबोर्ड वाजत असताना एकच थांबला तर तो किती मोठ्याने थांबतो, हे तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. आणि ते काहीच नसलं तर? खुर्ची, टाळ्या, "मी मान वर केली".

ताई खोकल्या. त्यांचा कीबोर्ड एकदम बंद पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला गालावर कळलं ते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी जोरात टाइप करायला लागलो.

थोड्या वेळाने त्यांचा कीबोर्ड पुन्हा सुरू झाला.

तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर मी ठरवलं की आता उठायचं. तीन अठ्ठावीसला माझ्या लक्षात आलं, की साडेतीन मिनिटं उलटली, आता उशीर झाला. आता व्यत्यय आला तर सत्र बाद, आणि सत्र बाद म्हणजे ताईंची नोकरी गेली. म्हणजे मी उठलो तर ताईंचं वाटोळं करणारा मीच! तेव्हा मी त्यांच्यासाठी बसलो. हे कारण मला इतकं आवडलं की मधले बारा सेकंद मी काय करत होतो, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

मागच्या रांगेत कोणीतरी ओकल्यासारखं खोकलं. ट्यूबलाइट पिवळी दिसायला लागली. तृप्तीने ओढणी नाकावर ओढली, एका हाताने, दुसरा हात चालू ठेवून. लगेच तीन पोरींनी ओढण्या ओढल्या. पोरांनी शर्टाच्या कॉलरी ओढल्या. बिडवे सरांनी रुमाल काढला. सगळं एकदम शिस्तीत. केबिनमध्ये काहीतरी फटकन फुटलं आणि प्लायवूड आतून तडतडायला लागलं. तरी कीबोर्ड थांबले नाहीत. उलट वाढले. प्रत्येकाला आता ते लवकर संपवायचं होतं.

दोन मिनिटं. दीड. माझ्या डोळ्यांना स्क्रीन दिसेना, पण माझं काही अडत नव्हतं.

अठ्ठेचाळीस सेकंद राहिले असताना अलकाताई उठल्या.

"उठा! सगळे उठा! आग आहे ही!"

कोणी उठलं नाही.

"बाई, बसा," बिडवे सर रुमालातून म्हणाले. "थोडेच सेकंद राहिलेत."

"अहो, आतनं पेटलंय!"

"ताई, बसा ना," तृप्ती मान खाली घालूनच ओरडली. "वनारसे सरांचं असेल. शनिवारसारखं."

"आज मंगळवार आहे!"

आणि मग जे झालं ते मी कोणालाच सांगत नाही, तुम्हाला सांगतो. मागच्या रांगेत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तालात. त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. ताईंनी मान वर केली होती, आणि मान वर केली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांच्या हातांना माहीत होतं.

ताईंनी माझा खांदा धरला. "प्रणित, ऊठ. तू तरी ऊठ." आणि माझा चेहरा दिसावा म्हणून त्या खाली वाकल्या, तर चेहऱ्याच्या आधी त्यांना माझा स्क्रीन दिसला.

त्यावर मधमाश्या पहिल्या काही ओळींपुरत्याच होत्या. त्याखाली लिहिलेलं होतं, धूर धूर धूर धूर धूर धूर. पुढे तेच. पानं भरून. पाच मिनिटं वीस सेकंद राहिल्यापासून मी तो एकच शब्द टाइप करत होतो. हात थांबले तर लोक बघतील, म्हणून.

ताईंनी ते वाचलं. एकच शब्द असल्यामुळे वेळ लागला नाही.

"लेका," त्या म्हणाल्या, "तुला दिसत होतं."

मी उठलो. त्यांनी ओढलं म्हणून की मी उठलो म्हणून, ते अजून ठरलेलं नाही. पण मी उभा राहिलो मात्र, आणि उरलेल्या तेवीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या. ताई एकट्या उभ्या होत्या तोवर ती वेडी बाई होती. आता दोघं झालो होतो.

बिडवे सरांचा हात कडीपर्यंत पोचेना. सकाळी त्यांनी स्टुलावर चढून कडी लावली होती आणि आता स्टूल सापडत नव्हतं. मागून सगळे दाराकडे लोटत होते, पण कडी काढायला कोणी पुढे होत नव्हतं, कारण ते सरांचं काम. मी पुढे होतो. माझा हात सहज पोचत होता. मी सरांकडे बघत होतो. ताईंनी मला बाजूला सारलं, उडी मारली, चुकली, परत मारली. तिसऱ्यांदा कडी निघाली. मागे केबिनचं दार पेटून खाली आलं.

जिन्यात अंधार होता आणि चोवीस जण आपापल्या चपला शोधत होते. खरंच. मागे आग, आणि एक जण विचारत होता, "लेदरची कुणी घातली रे?" एकाने वाकून चप्पल शोधली म्हणून सगळे वाकले. ताई वरून ओरडल्या, "अनवाणी पळा, मुडद्यांनो!" तेव्हा आम्ही अनवाणी पळालो.

गिरणीवाले घोणसेमामा पिठाने पांढरे झालेले बाहेर आले. वर बघितलं, आत पळाले, खालचा मेन पाडला, वाळूच्या दोन बादल्या घेऊन वर गेले. वनारसे सर चहाचा कप हातात धरून त्यांच्या मागे. आग पसरायची थांबली. कोणी मेलं नाही. मागच्या रांगेतल्या एकाला दवाखान्यात नेलं, संध्याकाळी सोडलं.

घोणसेमामा खाली आले ते काळे-पांढरे होऊन. "कवापासनं येत होता धूर?"

प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता.

"आत्ताच," तृप्ती म्हणाली.

"आत्ताच," आणखी एक जण म्हणाला. मग सगळेच म्हणाले. बिडवे सरही. मीही.

"आत्ताच कसा?" मामा म्हणाले. "पार तळापासनं जळालंय. हाक मारली असती तर खालनं मेन पाडला असता. दोन मिन्टांचं काम. खिडक्यांचं थर्माकोल काढून परत बसला असता की परीक्षेला."

अलकाताई गिरणीच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या पायाला काहीतरी लागलं होतं, रक्त येत होतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. बसायचं धाडस झालं नाही.

"पाच मिनिटं होती तेव्हाच मी उठणार होते," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "वास आला मला. घाबरले. मग तुझ्याकडे बघितलं. तू असा सुटला होतास रे, काय तो वेग! म्हटलं, हा पोरगा एवढा बिनघोर चाललाय म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी आहे. आपण वेंधळ्या, शेळीलासुद्धा घाबरतो. म्हणून परत बसले."

मला काहीतरी विनोदी सुचेल असं वाटलं. मी वाट बघितली.

"पास व्हायला अकरा शब्द राहिले होते माझे," त्या म्हणाल्या.

"ताई, अठ्ठेचाळीस सेकंद होते. अकरा शब्द झाले असते."

"हो. झाले असते."

"मग उठलात कशाला?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "कुणी उठत नव्हतं म्हणून."

व्यत्यय साडेतीन मिनिटांनंतर आला होता, हे मशीननेच नोंदवलेलं होतं. सत्र बाद झालं. मशीनने माझीही नोंद घेतली होती, शब्द कोणते ते न बघता, अठ्ठावन्न. पुढे सगळ्यांना गोल शिक्क्याचं पत्र आलं. सत्र झालेलंच नाही, तेव्हा आगही लागली नाही, आणि कोणी बसून राहिलं असंही काही झालं नाही. नवी तारीख दोन महिन्यांनी पडली. एकतीस तारीख मात्र एकतीसलाच आली. ताईंना त्यांच्या कचेरीतून दुसरं पत्र गेलं. ते दोन ओळींचं होतं.

दोन महिन्यांनी मी पास झालो. तृप्तीही झाली. आम्ही सगळेच झालो. आता मी एका नगरपालिकेत आवक-जावकला बसतो. अलकाताई एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात, ठेक्यावर. गेल्या वर्षी बाजारात भेटल्या. पोरगी नर्स झाली, म्हणाल्या. मग डाळ निवडत बसलेल्या माणसासारखं, वर न बघता विचारलं, "काय रे, अजून तेवढाच वेग आहे का?"

"नाही ताई. खूप कमी झालाय."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि भाजीवाल्याकडे वळल्या.

बारा वर्षं झाली. मी दर वर्षी चोवीस तारखेला एक अर्ज करतो. तो पोचल्याची पोच येते, उत्तर येत नाही. यंदाचा अर्ज असा.

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी यांचे सेवेशी,

विषय: न झालेल्या सत्रातील वेळेत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर सत्रात पाच मिनिटे वीस सेकंद शिल्लक असताना अर्जदारास धूर दिसला होता. त्यानंतर अर्जदार जागेवर बसून राहिल्याची कारणे अर्जदाराने स्वतः तपासली असता, एकही कारण आढळून आले नाही. सबब, अर्जदार त्याच क्षणी खुर्ची सोडून उभा राहिला होता, असे समजण्यात यावे. त्यानुसार सत्र त्याच दिवशी दुपारच्या बॅचला पुन्हा घेण्यात यावे. तसेच श्रीमती अलका नवगिरे यांना उर्वरित अकरा शब्द पूर्ण करू देण्यात यावेत, व ते पूर्ण होईपर्यंत शेजारी कोणासही बसवू नये, ही नम्र विनंती.